सान जुझेप्पेचा नवस

इटलीच्या सिसिली बेटावरील पालेर्मोतल्या पहिल्याच संध्याकाळी खिडकीत उभी असलेली आई मला म्हणाली, "अगं, होळी रविवारी ना? मग ही पोरं आजच कुठली लाकडं घेऊन चालली आहेत?" तारीख होती १८ मार्च २०२४. खालच्या गल्लीतून चार मुले एक मोडके कपाट ओढत नेत होती, मागून आणखी दोघे फळ्या घेऊन धावत होते, आणि एकूण आविर्भाव पाहता ते कपाट कुणी स्वखुशीने दिलेले नसावे. रात्री त्याच दिशेला जाळ दिसला. येशूचा सुतार पालक-पिता संत जोसेफ, म्हणजे इटालियनांचा सान जुझेप्पे, याचा सण १९ मार्चला असतो. त्याच्या आदल्या रात्री पालेर्मोच्या जुन्या वस्त्यांत असे ढीग रचून पेटवतात आणि त्यांना ‘वाम्पे’ म्हणतात. पालिका लाकडे आधीच उचलून नेते, अग्निशमन दलाचे बंब रात्रभर धावत असतात, आणि मुले दरवर्षी दोघांनाही पुरून उरतात.

आमच्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या होत्या. माझे इटालियन पुण्यातल्या दोन वर्षांच्या वर्गापुरते आणि त्यांची बोली अस्सल सिसिलियन, तरीही आमचे जमले, कारण त्या बोलत कमी आणि खायला जास्त घालत. त्या रात्री त्यांनी ‘स्फिंचे’ आणले होते. तळलेल्या मऊ, ओबडधोबड गोळ्यावर रिकोता, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेल्या मऊसर चीजचा गोड थर, त्यावर पाकवलेल्या संत्र्याच्या सालीचा तुकडा आणि पिस्त्याची भुरभुर, असा तो सान जुझेप्पेचा पदार्थ. एरवीही तो दुकानात मिळतो. पण बाईंच्या लेखी तो खाण्याचा दिवस ठरलेला होता आणि इतर दिवशी तो खाणारे लोक पर्यटक होते.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी वर्षभराचे पंचांग मला पदार्थांत सांगितले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कतानिया शहराची सांता आगाता, जिचे स्तन कापून छळ झाला असे तिचे चरित्र सांगते. तिच्या सणाला त्याच आकाराच्या, वर लाल चेरी लावलेल्या पांढऱ्याशुभ्र मिठाया खातात. (मला हे ऐकून अवघडल्यासारखे झाले. आईने मात्र ‘बरं’ म्हणून मान डोलावली.) २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. त्याच्या आदल्या रात्री घरातले दिवंगत वाडवडील येऊन मुलांसाठी खेळणी, साखरेच्या बाहुल्या आणि बदामाची फळे ठेवून जातात, असे पालेर्मोच्या मुलांना सांगितले जाई. आणि १३ डिसेंबरला सांता लुचीया.

सांता लुचीयाची गोष्ट ऐकताना आई पुढे सरकून बसली. परंपरा सांगते की १६४६ च्या दुष्काळात पालेर्मोच्या लोकांनी या संतिणीची करुणा भाकली आणि तिच्याच दिवशी गव्हाने भरलेले जहाज बंदराला लागले. भुकेल्या लोकांना दळण्याइतका धीर नव्हता. त्यांनी गहू तसाच शिजवून खाल्ला. तेव्हापासून त्या दिवशी पालेर्मोत पाव आणि पास्ता दोन्ही वर्ज्य. भाताचे तळलेले गोळे खायचे आणि ‘कुच्चीया’ खायची, म्हणजे भिजवून शिजवलेले अख्खे गहू, साखर आणि रिकोता. मी हे भाषांतर करून सांगेपर्यंत मिरजेच्या माझ्या आईने निदान केले होते: "म्हणजे हुग्गीच की! गूळ नाही, एवढंच." बाईंना मी ‘हुग्गी’ शब्द सांगितला आणि त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला.

मी विचारले, तुम्ही रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाता का? त्यांनी हात झटकला. लग्ने, बारसे, अंत्यविधी, एवढेच. पाद्र्यांविषयीचे त्यांचे मत येथे देण्यासारखे नाही. मग १३ डिसेंबरला पाव खाता का? यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना चर्चच्या पायरीवर थुंकायला सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सालेमीला गेलो. पालेर्मोच्या नैऋत्येस, त्रापानी प्रांतातल्या डोंगरावरचे हे गाव. इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गारिबाल्डी याने १४ मे १८६० रोजी येथेच सिसिलीची सत्ता हाती घेतल्याची घोषणा केली, म्हणून गावकरी स्वतःला इटलीची पहिली राजधानी म्हणवतात. जानेवारी १९६८ च्या भूकंपात गावाचे मुख्य चर्च ढासळले आणि त्याचे अवशेष आज चौकात तसेच उभे आहेत. आम्ही मात्र आलो होतो पाव पाहायला.

सालेमीत या सणाला ‘चेने’, म्हणजे जेवणे, म्हणतात. ज्या घरात जेवण असते, तेथे एका खोलीत लाकडी सांगाडा उभा करून तो मेंदीसारख्या दिसणाऱ्या मर्टलच्या आणि तमालपत्राच्या जातीतल्या लॉरेलच्या डहाळ्यांनी पूर्ण झाकतात. त्या हिरव्या मखराला संत्री, लिंबे आणि शेकडो लहान लहान पाव टांगलेले असतात, आणि आत पांढऱ्या कापडाच्या पायऱ्यांवर पवित्र कुटुंबाचे, म्हणजे येशू, त्याची आई मारिया आणि जुझेप्पे यांचे, चित्र व मोठे पाव मांडतात. आमच्याकडच्या गौरी-गणपतीच्या आराशीची सवय असलेल्या डोळ्यांना मांडणी परकी वाटत नाही. परका वाटतो तो पाव. ड्युरम गव्हाच्या घट्ट कणकेपासून केलेले हे पाव म्हणजे फुले, पक्षी, मासे, द्राक्षांचे घड, सूर्य, चंद्र, सुताराचा रंधा, हातोडा, करवत, शिडी. पाकळीची शीर न् शीर लहान सुरीने, कंगव्याने, शिवणाच्या टोपणाने उठवलेली. वरून अंड्याचा हात फिरवल्यामुळे कडा सोनेरी तपकिरी आणि खोलगट भाग पांढरा राहिलेला. तीन मोठ्या पावांपैकी मारियेचा खजुराच्या झाडाच्या आकाराचा आणि जुझेप्पेचा काठीच्या आकाराचा. गल्लीतल्या बायका आधीचे कित्येक दिवस एकत्र बसून हे करतात. एका आजीबाईंच्या बोटांकडे पाहत आई बराच वेळ उभी राहिली. त्यांनी कणकेचा एक गोळा तिच्या हातात दिला, आणि तिने करंजीला घालते तशी मुरड घालून दाखवली. बायकांचे काम थांबले. मग प्रत्येकीला ती मुरड शिकायची होती.

हे सारे कुणी करायचे आणि का? उत्तर ऐकताच मला इटालियन शब्दकोशाची गरज राहिली नाही. घरातल्या कुणाचे आजारपण बरे झाले, कुणी परदेशातून सुखरूप परतला, एखादे संकट टळले, की बोललेला नवस फेडायचा. मूळ नवस साऱ्या बेटाचा मानतात. मध्ययुगात पाऊस न पडल्याने सिसिली उपाशी मरू लागली तेव्हा लोकांनी सान जुझेप्पेला साकडे घातले, पाऊस आला, आणि एरवी गुरांना घालायच्या बाकल्याच्या शेंगांनी माणसे जगली. म्हणून वाळलेला बाकला शिजवून, रानबडीशेप घालून केलेले घट्ट वरणासारखे ‘माक्कू’ या दिवसांत आजही होते. पूर्वी नवसाचे जेवण घालणारा, स्वतः सधन असला तरी, त्यासाठीचे साहित्य दारोदार मागून आणीत असे, असेही ऐकले. जोगवा मागणाऱ्यांच्या आमच्या देशात याचे स्पष्टीकरण कुणाला द्यावे लागणार नाही.

दुपारी प्रत्यक्ष जेवण झाले. येशू, मारिया आणि जुझेप्पे यांचे सोंग घेतलेली तीन मुले दारोदार जाऊन आसरा मागतात. दोन दारे त्यांना नाकारतात, तिसरे उघडते. तेथे त्यांचे हात धुतले जातात, त्यांना मखरासमोर बसवले जाते आणि घरचा यजमान स्वतः वाढू लागतो. संत्र्याच्या फोडी, तळलेली फुलकोबी, आर्टिचोक, शतावरीची अंड्यातली धिरडी, मासे, पुन्हा भाज्या, मग गोड पदार्थ. पूर्ण थाटाचे जेवण १०१ पदार्थांचे असते. मुले प्रत्येकातला घासभर खातात आणि प्रत्येक नव्या ताटाला जमलेले लोक ‘व्हिव्हा’ असा जयजयकार करतात. या एकशे एकात मांस मात्र नाही, कारण सण नेमका ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात येतो. शेवटी सर्वांना पास्ता मिळतो, आणि त्यावर चीज नसते. त्याऐवजी परतलेला पावाचा चुरा, साखर आणि दालचिनी असते. तो चुरा म्हणजे सुताराच्या रंध्याखालचा भुसा. गोड पास्ता माझ्या घशाखाली उतरला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. आईने मात्र शेवयांच्या खिरीची चुलत बहीण मानून तो संपवला.

मला त्या खोलीत सारखे वाटत राहिले, की येथे नैवेद्य उलट्या दिशेने निघाला आहे. आपण पान मूर्तीपुढे ठेवतो, पाणी फिरवतो, आणि देवाचे झाले असे मानून तेच अन्न प्रसाद म्हणून आपण खातो. सालेमीत मखरातल्या चित्राला कुणी काही भरवत नाही. देव दारी आलेल्या मुलात मानायचा, त्याने खरोखर चावून गिळायचे, आणि यजमानाने हातात ताट घेऊन उभे राहायचे. पूर्वी ही मुले गावातल्या सर्वांत गरीब घरांतली निवडत आणि त्या एका दुपारी त्यांना जे मिळे ते वर्षभर मिळत नसे. आमच्यापुढची मुले पायांत महागडे बूट घातलेली, शेजारपाजारची होती. बाल येशू सत्तराव्या पदार्थानंतर कंटाळून पाय हलवत होता, आणि दहा-बारा फोन त्याचे चित्रण करीत होते. हे विधी पर्यटनाने पोकळ केले, असे लिहायचा मोह मला झाला होता. परंतु वाढताना त्या यजमानाचे डोळे भरून आले होते, आणि त्याचा नवस कशाचा होता हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आमलकी एकादशी होती. संत्री, खजूर आणि उकडलेले बटाटे एवढ्यावर राहणाऱ्या आईकडे पाहून घरमालकीणबाई अस्वस्थ झाल्या. बटाटा हे अन्न नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर, उपासाला मासे कसे चालतात, असा आईचा प्रतिप्रश्न होता. मी दुभाषी म्हणून दोन्हीकडची उत्तरे पोहोचवली, पण कुणाचेच समाधान झाले नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मात्र बाईंना तत्काळ कळली. सालेमीचे १०१ पदार्थ त्यांच्या पोटात अजून होते.

पुढचे दिवस पालेर्मोत गेले. पियात्सा बेल्लिनी या चौकात मार्तोराना नावाचे चर्च आहे. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या अँटिऑकच्या जॉर्ज नामक आरमारप्रमुखाने ते ११४३ मध्ये उभारले. पुढे शेजारच्या मठावरून त्याला हे नाव पडले. पाहुणे यायच्या वेळी बागेतली झाडे ओकीबोकी होती, म्हणून मठातल्या जोगिणींनी बदामाच्या गोळ्याची हुबेहूब फळे करून फांद्यांना टांगली, अशी कथा आहे. ‘फ्रुत्ता मार्तोराना’ ती हीच. चौकाच्या दुसऱ्या बाजूस सांता कातेरिनाचा मठ आहे. मिठाया विकणे हे अशा मठांचे उत्पन्न होते. जगाला तोंड दाखवायचे नाही, म्हणून भिंतीत बसवलेल्या फिरत्या लाकडी पिंपात गिऱ्हाइकाने पैसे ठेवायचे, पिंप फिरायचे, आणि मिठाई बाहेर यायची. नव्या इटलीने १८६६ च्या कायद्याने मठांची मालमत्ता जप्त केली, तरी काही पाककृती तग धरून राहिल्या. सांता कातेरिनातल्या शेवटच्या जोगिणी २०१४ मध्ये गेल्या, आणि आता त्याच आवारात वेगवेगळ्या मठांच्या मिठायांचे दुकान चालते. रांग मोठी असते. संत्र्यांच्या झाडांखाली बसून आम्ही कान्नोलो, म्हणजे गोड रिकोता भरलेली तळलेली नळी, खाल्ला आणि त्यानंतर दुपारचे जेवण रद्द केले.

गुड फ्रायडेला त्रापानीला जाऊन तेथील मिरवणूकही पाहिली. येशूच्या अखेरच्या प्रसंगांचे वीस देखावे दुपारी दोनला निघतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खांद्यांवर झुलत राहतात. त्यांचा मान कोळी, भाजीविक्रेते, पाववाले, पास्ता करणारे अशा जुन्या व्यवसायसंघांकडे आहे. पहाटे तीन वाजता देखाव्याला खांदा लावून चालणारा एक थकलेला माणूस खिशातून पाव काढून खात होता, एवढेच मला स्पष्ट आठवते.

ईस्टरला, ३१ मार्चला, घरमालकीणबाईंनी कसाटा कापला. मुंबईच्या लग्नांतल्या तीन रंगी आइस्क्रीमच्या वडीला आपण ज्या नावाने ओळखतो, त्याचे हे मूळ घराणे. मात्र यात आइस्क्रीम नाही: रिकोता, स्पंज केक, भोवती बदामाची हिरवी पट्टी, वर साखरेचा पांढरा लेप आणि पाकातली फळे. ईस्टरच्या सकाळी जो कसाटा खात नाही तो करंटा, अशी तिकडे म्हण आहे. एका तुकड्यात आईची साखर वाढली असती, म्हणून मी अर्धा काढून घेतला, तर बाईंनी तो पुन्हा तिच्या ताटलीत ठेवला.

सालेमीच्या आजीबाईंनी निघताना आम्हाला एक पक्ष्याच्या आकाराचा पाव दिला होता. तो टाकायचा नाही, घरात ठेवायचा, आणि वादळ आले की चिमूटभर चुरा बाहेर फेकायचा, म्हणजे वादळ शमते, असे त्यांचे सांगणे होते. प्रवासात पक्ष्याचा एक पंख मोडला. उरलेला आईने देवघराच्या फडताळात डब्यात ठेवला. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसाआधी पुण्यात वाऱ्याने झाडे वाकू लागली, तेव्हा ती मोडका पंख घेऊन गॅलरीत गेलेली मी पाहिली. चुरा फेकता फेकता ती थबकली आणि आकाशाकडे पाहून म्हणाली, "फक्त वारा थांबव रे बाबा. पाऊस येऊ दे." मग ती वाळत घातलेले कपडे काढू लागली.