माझा अनुभव : बोर्डो मिश्रणाचा धडा मोबाइलवर आणताना

मराठीतून दूरशिक्षणाचं साहित्य लिहिणं नाशिकला नवं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासूनचं; शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याने पुस्तकावरून शिकायचं, ही रीत इथल्या शिक्षकांच्या अंगवळणी पडलेली आहे. मोबाइलवरच्या धड्याची गणितं मात्र वेगळी असतात. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना पाण्यात मिसळून केलेलं बुरशीनाशक. द्राक्षबागेसाठी ते १ टक्क्याचं तयार करणं, एवढाच विषय घेऊन मी असा एक धडा बांधला. विद्यार्थी म्हणजे निफाड-दिंडोरी भागातल्या बागायतदारांची तरुण मुलं. काम कोणत्या क्रमाने केलं, कुठे अडतं आणि का, ते लिहिते.

व्हिडिओ शेवटी करायचा, परीक्षा आधी ठरवायची. विषयतज्ज्ञांकडून पहिल्यांदा येणारं उद्दिष्ट बहुतेक वेळा असं असतं: ‘विद्यार्थ्यांना बोर्डो मिश्रणाची माहिती होईल.’ माहिती झाली की नाही, हे तपासणार कसं? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग मांडले: विद्यार्थी काय करून दाखवेल, काय हाताशी असताना, आणि कितपत जमलं म्हणजे पुरे. त्याप्रमाणे आमचं वाक्य झालं ते असं: ‘मोरचूद, चुना, पाणी, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि लोखंडी चाकू दिल्यावर विद्यार्थी १ टक्क्याचं १० लिटर मिश्रण तयार करेल आणि त्यात बुडवलेल्या चाकूवर तांबूस थर चढत नाही हे दाखवेल.’ हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावं. मग धड्यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावरचे वाद पटकन मिटतात. फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी १८८० च्या दशकात हे मिश्रण कसं पुढे आणलं ती गोष्ट तज्ज्ञांना सांगायला आवडते आणि ती आहेही छान. पण तिच्यामुळे कुणाला मिश्रण करता येत नाही. ती ‘अधिक वाचा’मध्ये गेली.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो तज्ज्ञांच्या हातातलं ज्ञान बाहेर काढायला. वर्षानुवर्षं काम केलेला माणूस पायऱ्या सांगताना निम्म्या गाळतो, कारण त्या त्याला आता पायऱ्या वाटतच नाहीत. म्हणून तोंडी मुलाखतीवर भागवू नये. साहित्य समोर ठेवून प्रत्यक्ष करायला लावावं आणि हात जिथे थांबेल तिथे विचारावं. कागदावरची कृती सोपी आहे: १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. प्रत्यक्षात बघितलं तर मोरचूद आधी बारीक केला जातो, चुन्याचं पाणी फडक्यातून गाळलं जातं, नाहीतर पंपाच्या नोझलमध्ये खडे अडकतात. बादली लोखंडाची चालत नाही, ढवळायला लाकडी काठी घेतात. यातलं काहीच त्यांच्या लेखी टिपणात नव्हतं.

आणि मग चुना. ‘चुना पुरेसा टाकायचा,’ असं तज्ज्ञ म्हणाले. ‘पुरेसा म्हणजे किती, सर?’ ‘ते चाकू बघून कळतं.’ धड्याचा गाभा इथे होता. उघड्यावर राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निकामी होत जातो, त्यामुळे मोरचुदाइतकाच चुना घेऊनही कधी कधी तो कमी पडतो. मग मोकळं राहिलेलं तांबं लोखंडी पात्यावर चढतं, आणि तेच कोवळी पानं करपवतं. पातं तांबूस झालं तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पुन्हा तपासायचं. करणाऱ्याला खरा निर्णय घ्यावा लागतो तो याच ठिकाणी. बाकीच्या पायऱ्या पाठ करता येतात. म्हणून साडेतीन मिनिटांच्या व्हिडिओतला जवळजवळ निम्मा वेळ मी या तपासणीला दिला.

स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहावी: डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. बोललेलंच वाक्य पडद्यावर छापू नये. वाचणं आणि ऐकणं एकमेकांच्या आड येतं. पडद्यावर फक्त आकडे. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात, म्हणजे साडेतीन मिनिटांना चारशेच्या आसपास. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संस्थेच्या व्हिडिओंचा २०१४ मधला अभ्यास सांगतो की सहा मिनिटांपुढे प्रेक्षक टिकत नाही. हाताने करायच्या कामात मला त्याहूनही आखूड तुकडे बरे वाटतात, कारण विद्यार्थी तोच तुकडा पुन्हा लावतो. चित्रीकरण फोनवर होतं, फक्त माइक कॉलरला लावावा. सेकंदाला १ मेगाबिट (१ एमबीपीएस) ठेवलं तर फाइल साधारण २६ एमबीची होते, ती वाडीवस्तीवरही उतरते.

मराठीपुरती एक डोकेदुखी स्वतंत्र आहे. तज्ज्ञांची टिपणं बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात; ती मूडलमध्ये, म्हणजे धडे ठेवायच्या ऑनलाइन प्रणालीत, चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टरने काम होतं, पण त्यानंतर ऱ्या, ऱ्हस्व वेलांटी, श्र आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: एक ‘ऱ’ला हलंत देऊन, दुसरा साध्या ‘र’ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. लघुत्तरी प्रश्नात बरोबर लिहिलेलं उत्तर चूक ठरतं ते यामुळे. देवनागरी ‘१००’ आणि इंग्रजी आकड्यांतलं शंभर यांचंही तसंच. म्हणून अशा उत्तरांची सगळी रूपं मान्य उत्तरांत घालावीत, किंवा सरळ पर्याय द्यावेत.

पर्याय देताना चुकीची उत्तरं मनाने रचू नयेत, विद्यार्थी खरंच करतात त्या चुकांमधून घ्यावीत. ‘२०० लिटर टाकीसाठी अर्धा टक्का मिश्रण करायचं आहे, मोरचूद किती?’ उत्तर १ किलो. जो २ किलो निवडतो त्याने टक्केवारी वाचलेली नाही. ५०० ग्रॅमवाल्याने १०० लिटरचा हिशेब केला. १०० ग्रॅमवाल्याची एक शून्य गळली. प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली नेमका तोच दोष सांगणारा प्रतिसाद लिहिला, तर प्रश्नसुद्धा शिकवतो. नुसतं ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ लिहिणं म्हणजे विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडणं.

धडा मूडलसारख्या प्रणालीवर चढवायचा तर तो स्कॉर्म या ठरावीक साच्यात झिप करावा लागतो. हे पॅकेज करताना आयएमएस मॅनिफेस्ट ही धड्यातल्या फाइलींची यादी असलेली फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर हवी. फोल्डरच झिप केलं की ती एक पायरी आत जाते आणि पॅकेज चढत नाही. फोल्डर उघडून आतल्या फाइली निवडाव्यात आणि त्या झिप कराव्यात. स्कॉर्म १.२ मध्ये विद्यार्थी कुठवर आला ती नोंद ४०९६ वर्णांतच मावते, त्यामुळे लांबलचक मॉड्यूल मधूनच पहिल्यापासून सुरू होतं. छोटे धडे करण्याचं हेही एक कारण.

चाचणीला दोन-तीन विद्यार्थी पुरतात, फक्त त्यांच्या शेजारी गप्प बसता आलं पाहिजे. धडा बघून त्यांनी मिश्रण करून दाखवावं, आपण मदत करू नये. चाकूचा तांबूस थर छोट्या पडद्यावर हमखास हरवतो: ओलं पातं चकाकतं आणि मागे निळं पाणी असतं. पातं कोरडं होऊ द्यावं, पांढऱ्या कागदावर ठेवावं, शेजारी न बुडवलेलं पातं ठेवून एकाच फ्रेममध्ये फोटो घ्यावा. तोच फोटो प्रश्नातही वापरावा.

धडा खुला करण्याची वेळ छाटणीवर ठरते. खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास, गोडी बहाराची ऑक्टोबरच्या आसपास. त्या दिवसांत बागेतला माणूस फोन हातात घेत नाही, म्हणून धडा तीन आठवडे आधी उघडावा. कोणत्या अवस्थेत किती टक्क्याचं मिश्रण फवारायचं, हा भाग व्हिडिओत बोलू नये. तो वेगळ्या पानावर तारखेसह लिहावा, म्हणजे शिफारस बदलली की चित्रीकरण नव्याने करावं लागत नाही, पानावरची एक ओळ बदलली की झालं.