नळ उघडून पाहिला का?

मी युरोपच्या सहलींवर टूर मॅनेजर म्हणून जातो. प्राग ते बर्लिन हा आमचा बसचा दिवस, साधारण साडेतीनशे किलोमीटरचा. सलग साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानं द्यावीच लागते, ड्रेस्डेनला जेवण ठरलेलं असतं, त्यामुळे वाटेतला प्रत्येक थांबा मिनिटावर मोजलेला. नाझींनी ज्यूंना जिथे डांबलं ते तेरेझिन गाव याच वाटेवर आहे, प्रागपासून साठेक किलोमीटरवर. तरी बस तिथे वळवायची म्हटलं की ऑफिसातून एकच उत्तर येतं, ‘लोक सुट्टीवर आलेत, त्यांना हे कशाला?’ आपल्या लोकांना हे झेपत नाही, हा समज खुर्चीत बसून कार्यक्रम आखणाऱ्यांचा आहे. बसमधल्या माणसांत मला तो फारसा दिसलेला नाही.

तेरेझिन म्हणजे दोन जागा. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८० साली बांधायला घेतलेलं, आई मारिया तेरेसाचं नाव दिलेलं तटबंदीचं गाव. नाझींनी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याचा ज्यूंसाठी घेट्टो, म्हणजे त्यांना कोंडून ठेवायची वस्ती केला. आणि ओह्रे नदीपलीकडचा छोटा किल्ला, म्हणजे जून १९४० पासून गेस्टापोचा, नाझींच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग. युद्धाआधी सैनिकांसकट सातेक हजारांची वस्ती असलेल्या त्या गावात सप्टेंबर १९४२ मध्ये ५८ हजार माणसं कोंबली होती. गाइड आकडे सांगत जाते, मी मराठीत सांगत जातो. घेट्टोत आणलेले एक लाख चाळीस हजारांच्या वर. तिथेच भुकेनं आणि आजारानं मेलेले सुमारे ३३ हजार. पुढे ऑशविट्झच्या मृत्युछावणीत आणि इतर ठिकाणी पाठवलेले सुमारे ८७ हजार. हे आकडे मी भरभर सांगत नाही, एकेक सांगून थांबतो. घाई करायची तर बाकी सगळीकडे करावी.

त्या दिवशी ग्रुपमध्ये एक काकू होत्या, सातारा जिल्ह्यातल्या, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. छोट्या किल्ल्यात एक लांबट खोली आहे. भिंतीलगत ओळीनं बेसिनं, प्रत्येकावर आरसा. तिथल्या अंधाऱ्या, कुबट कोठड्या पाहून आत आलं की ही स्वच्छ खोली पाहून माणूस गोंधळतो. गाइड म्हणाली, १९४४ मध्ये तपासणी येईल म्हणून ही तयार केली, कैद्यांना कधी वापरू दिली नाही. बाकीचे पुढे सरकले. काकू मात्र गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि बेसिनच्या खाली पाहू लागल्या.

“तपासणीला आलेल्यानं नळ उघडून पाहिला का?”

मी गाइडला विचारलं. ती म्हणाली, पाहणारे इथवर आलेच नाहीत.

ते फक्त घेट्टोत गेले, २३ जून १९४४ रोजी. डेन्मार्कचे दोन प्रतिनिधी आणि रेड क्रॉसचा तरुण स्विस डॉक्टर मॉरिस रोसेल. त्यांच्यासाठी घरांना रंग दिला होता, चौकात बाग आणि वाद्यवृंदाचा मंडप उभारला होता. गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यातच ७,५०३ जणांना ऑशविट्झला पाठवून दिलं होतं. पाहुण्यांना हान्स क्रासाचा ‘ब्रुन्दिबार’ हा मुलांचा ऑपेरा दाखवला. रोसेलनं अनुकूल अहवाल दिला. हा शेवटचा मुक्काम आहे, इथून कुणाला पुढे पाठवत नाहीत, असंही त्यानं त्यात लिहिलं.

बस सुटल्यावर काकू पुढच्या सीटवर येऊन बसल्या. “आम्ही तपासणीला जायचो तेव्हा शाळा सारवलेली, पोरं आंघोळ करून बसवलेली. पहिलीच्या वर्गात नेऊन गाणं म्हणायला लावायचे. मी गाणं ऐकून घ्यायचे आणि मग संडास बघायला मागायचे.”

“काकू, रोसेलबरोबर एसएसचे, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचे अधिकारी होते. कुठून कुठे न्यायचं ते आधीच ठरलेलं. कुणाशी एकांतात बोलायची सोय नव्हती. त्यानं करायचं तरी काय?”

“मान्य. पण अहवाल त्यानंच लिहिला ना? ‘मला एवढंच दाखवलं, बाकीचं बघू दिलं नाही’, एवढी एक ओळ लिहायला कोण आडवं आलं होतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पुढे १९७९ साली घेतलेल्या मुलाखतीत रोसेल म्हणाला होता की त्या अहवालावर आजही सही करीन. हे मला माहीत होतं, ते मी काकूंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “आणि ती गाणारी पोरं?” २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर १९४४ या एका महिन्यात तेरेझिनहून सुमारे १८ हजार माणसं ऑशविट्झला गेली. ऑपेरात काम केलेली बहुतेक मुलं त्यांत होती. क्रासाही होता.

आमच्या दीड तासात छोटा किल्ला आणि घेट्टोचं संग्रहालय एवढंच बसतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये सुमारे २२ हजार माणसांची राख ज्या नदीत टाकली तिचा काठ, दहनगृह, एका घराच्या अंगणामागे लपलेली हिब्रू अक्षरांची प्रार्थनेची खोली, हे सगळं राहून जातं. बसमधून पाहून पुढे जायची ही जागा नाही. ड्रेस्डेनचं जेवण काढून बसमध्ये पराठ्यांची पाकिटं दिली तर पावणेदोन तास आणखी मिळतात आणि ड्रायव्हरची विश्रांतीही त्यातच होते. तसा हिशेब मांडून मी ऑफिसला पाठवलाय. दहनगृहाच्या वेळा आणि गाइडचा जादा खर्चही त्यात धरलाय.