दोनशेचा ब्रेकर

एप्रिलमधली दुपार होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून फोन आला, "साहेब, डीजी चालू आहे, पण माग फिरंनात." डीजीच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, सर्व्हिसिंगमध्ये असे फोन रोजचेच. बहुतेक वेळा एव्हीआरची, म्हणजे व्होल्टेज सांभाळणाऱ्या कार्डाची, एखादी वायर सुटलेली असते. इथं मात्र जनरेटरच्या पेटीचं, कॅनोपीचं, दार उघडलं आणि जळक्या वार्निशचा वास आला. हा वास आला की मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, काढायच्या आधीच रिवाइंडिंगचा, वाइंडिंग नव्यानं भरायचा, खर्च डोळ्यांपुढं येतो.

ऑपरेटर पोरगा घाबरलेला. म्हणाला, "ब्रेकर खाली केला की मीटरवर ४१५ यायचं. वर केला की इंजिन दणका द्यायचं आणि व्होल्ट शून्य."

"किती वेळा केलंस?"

"पाच-सहा. मग ब्रेकर खाली करूनसुद्धा काही येईना."

मालक, म्हणजे अण्णा, तिथंच त्याच्यावर ओरडायला लागले. पण पोराचं तरी काय चुकलं? ब्रेकर ट्रिप झाला की हँडल मधोमध अडकतं, आणि पुढं कुठंतरी शॉर्ट आहे हे नवख्यालाही कळतं. इथं हँडल वरच राहिलं. त्यानं धरलं की दोष जनरेटरमध्ये आहे.

तेवढ्यात लाईट आली. कुणीतरी घाईनं डीजीवरून लाईटवर नेणारा चेंजओव्हर स्विच फिरवला आणि मेन पॅनेलचा ब्रेकर फाटकन पडला. चेंजओव्हर ते मागांच्या पॅनेलपर्यंतची केबल तपासली, तर आर आणि वाय फेजमध्ये मेगर शून्य, म्हणजे शॉर्ट. डाईंगच्या बाजूला, ओल्या ट्रेंचमध्ये कुणीतरी जुना जॉइंट नुसत्या टेपनं गुंडाळून ठेवला होता.

शॉर्ट एकच. लाईटवर ब्रेकर पडला, डीजीवर पडला नाही. का, ते अण्णांना वहीच्या पानावर आकडे मांडून दाखवलं. ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स, म्हणजे त्याचा आतला अडथळा, साडेचार टक्के. शॉर्टमध्ये तो केबलचा अडथळा धरूनही पाच-सात हजार अँपिअर ढकलतो, आणि ढकलतच राहतो. डीजी १२५ केव्हीए, फुल लोडला १७४ अँपिअर. पहिल्या झटक्याला तो बाराशे-चौदाशे देतो. पण हा अल्टरनेटर, डीजीतला वीज बनवणारा भाग, स्वतःच्याच व्होल्टेजवर एक्साइट होणारा, म्हणजे आपलं चुंबकत्व त्यातूनच उभं करणारा. शॉर्टनं व्होल्टेज बसलं की एक्साइटेशनही बसतं आणि सेकंदाच्या आत करंटचा जीव जातो. एक्साइटेशनसाठी वेगळं मॅग्नेट जनरेटर बसवलेला सेट असता, तर तिप्पट करंट दहा सेकंद तरी टिकला असता. इथल्या ब्रेकरचं मॅग्नेटिक सेटिंग, म्हणजे ज्या करंटला तो क्षणात पडतो ते, दहापट, म्हणजे २००० अँपिअर. तिथवर करंट पोहोचणारच नाही. तापून ब्रेकर पाडणाऱ्या थर्मल भागाला तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ करंट राहत नाही. पोरानं दरवेळी ब्रेकर वर केला की वाइंडिंगला तो बाराशेचा हिसका बसायचा. हिसक्याचा जोर करंटच्या वर्गात वाढतो. पाच-सहा हिसक्यांत इन्सुलेशन फाटलं.

सेटसोबत आलेला ब्रेकर जनरेटरसाठीचाच होता. तीन-चार पटीला, सहाशे-आठशेलाच पडणारा. तो मागच्या वर्षी जळाला आणि कॉन्ट्रॅक्टरनं साधा डिस्ट्रिब्युशनचा बसवला. दोनशेच्या जागी दोनशे. आमच्या धंद्यात अँपिअर जुळले की विषय संपतो. सेटिंगचा डायल कोण बघतो? मालकांना तर ब्रेकर म्हणजे चालूबंद करायचं बटण वाटतं.

हे सगळं मी अण्णांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. या धंद्यात येण्याआधी एका साखर कारखान्याच्या कोजनमध्ये, म्हणजे वीजनिर्मितीत, चार वर्षं होतो. तिथं टर्बाइनच्या जनरेटरला जादा करंट ओळखणारा साधा ओव्हरकरंट रिले चालत नाही, ५१व्ही नावाचा लागतो. व्होल्टेज बसलं की त्याचं पिकअपही, म्हणजे तो ज्या करंटला जागा होतो ते, खाली उतरतं. म्हणजे शॉर्टमध्ये जनरेटरचा करंट विझत जातो, हे मला काही नवीन नव्हतं.

घरी येऊन फाईल काढली. याच सेटचं फेब्रुवारीतलं सर्व्हिस शीट. ऑइल, फिल्टर, बेल्ट, बॅटरी. खाली ब्रेकरचा रकाना, २०० अँपिअर, ओके. अक्षर माझं. तेव्हा ब्रेकर बदलून झाला होता, आणि डायल हँडलच्या खालीच असतो. वाचायला पाच सेकंदही लागले नसते.

शीटची एक प्रत अण्णांकडेही आहे. त्यांनी अजून बघितली नसावी. अल्टरनेटर रिवाइंड होऊन आला, जनरेटरचा ब्रेकर बसवला, सेटिंग मी स्वतः लावलं. त्या दिवशी डीजीवर दुसराच पोरगा होता. आधीचा कुठं गेला, ते मी विचारलं नाही.