बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या

आज सकाळी साडेसहालाच शेतात गेले होते. तसं माझं तिथं काही काम नव्हतं, वजन घ्यायला हे असतातच, पण दवातली कापसाची वेचणी मला बघायची असते. दव असलं की वाळलेल्या पानांचा कचरा नरम राहतो, कापसाला चिकटत नाही, आणि एकदा का ऊन चढलं की त्याच पानांचा चुरा होऊन कापसात असा बसतो की रात्री मी चिमटा घेऊन काढत बसते. बाया म्हणूनच लवकर येतात. डोक्याला दुपट्टा, साडीवरून नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, कंबरेला कापूस टाकायची ओटी, आणि बोटांना चिंध्या.

त्या चिंध्यांबद्दलच आज लिहायचंय.

बोंड फुटून वाळलं की त्याच्या सालीची टोकं काट्यासारखी होतात. कापूस ओढताना बोटं दिवसभर त्यातच जातात येतात, नखांच्या कडा फाटतात, मग बाया जुन्या लुगड्याची पट्टी टरकन फाडून बोटाला गुंडाळतात आणि दातानं गाठ मारतात. मी लग्न होऊन वर्धा जिल्ह्यात देवळीकडं आले त्याला २२ वर्षं झाली. एवढे हंगाम हे माझ्या डोळ्यासमोर होतं आणि माझ्या एकाही बाहुलीच्या बोटाला मी चिंधी बांधली नव्हती, आधी तर बोटंच नव्हती ना त्यांना, बंद मुठीसारखा एक गोळा असायचा हाताच्या टोकाला आणि त्यावर दोन बांगड्या चढवल्या की झालं.

बाहुल्या मी लहानपणापासून करते. माहेर आर्वीकडचं, तिथं भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसायच्या त्या थेट कोजागिरीपर्यंत. मातीची भुलाबाई म्हणजे पार्वती, शेजारी भुलोजी म्हणजे शंकर, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायचो आणि डबा हलवून आत खिरापत काय आहे ते ओळखायचं, मी आवाजावरून फुटाणे लगेच ओळखायची. मातीच्या भुलाबाईला कपडे रंगवलेलेच असायचे पण मला ते पुरायचं नाही, मी टेलरकाकांच्या मशीनखालून कापडाचे तुकडे गोळा करून तिला खरं लुगडं नेसवायची. मग अक्षय तृतीयेला बाहुला-बाहुलीचं लग्न, त्यांना तुराटीच्या काडीचे हात. आईनं शिकवलं ते एवढंच, काडीवर चिंधी गुंडाळायची आणि गाठ मागच्या बाजूला लपवायची. अजूनही माझ्या गाठी मागच्याच बाजूला असतात.

लग्नानंतर लेकीसाठी केल्या, मग नणंदेच्या लेकीसाठी, मग कुणाच्या बारशाला, कुणाच्या रुखवतात मांडायला, असं करत करत ऑर्डरी यायला लागल्या. सगळ्या नवरीच असायच्या. हिरवा चुडा, मुंडावळ्या, नाकात नथ. २०१६ ला भाच्याच्या ॲडमिशनच्या निमित्तानं दिल्लीला गेलो तेव्हा सगळे लाल किल्ला बघायला गेले आणि मी ह्यांना ओढत बाहुल्यांच्या म्युझियमला नेलं. व्यंगचित्रकार शंकर, म्हणजे के. शंकर पिल्लई, यांनी १९६५ मध्ये सुरू केलेलं. हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला म्हणून एक बाहुली दिली होती, तिथून त्यांना बाहुल्या जमवायचा नाद लागला आणि पुढं जगभरातल्या हजारो बाहुल्या गोळा झाल्या. काचेपुढून माझा पाय निघत नव्हता. आपल्या देशातल्या प्रत्येक भागातल्या नवरा-नवरीच्या जोड्या, काय ते दागिने, काय त्या काठांच्या निऱ्या! मी वहीत निऱ्यांची चित्रं काढून घेतली आणि घरी येऊन दोन वर्षं आणखी सुबक नवऱ्या केल्या.

२०१८ च्या वेचणीत हे सगळं बदललं. आमच्याकडं वेचायला येणारी एक मावशी दुपारी पाणी प्यायला ओसरीवर टेकली होती, माझ्या मांडीवर अर्धी झालेली नवरी होती, तिनं ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली, लुगड्याचं काठ बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "लयच सुंदर झाली वं बाई. पण इचे हात कुठी हायेत? लग्न झाल्यावर इनं करावं काय?"

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही, मी पाण्याचा गडू भरून आणायला आत गेले आणि आतच उभी राहिले जराशी.

त्या रात्रीपासून मी हात करायला घेतले. ज्यांनी कापडी बाहुलीचा हात केलाय त्यांनाच माहीत हे किती जीवघेणं काम आहे. मांजरपाटाचे दोन तुकडे, त्यावर पेन्सिलनं पंजा काढायचा, एकदम बारीक टीप मारायची, मग बोटांच्या मधल्या बेचक्यात अगदी टाक्याजवळपर्यंत कात्रीनं चीर द्यायची. चीर कमी पडली की उलटवल्यावर बोटं चुरगळतात, जास्त झाली की टाकाच सुटतो. मी चिरेला आधी फेव्हिकॉलचा ठिपका देते, वाळू देते, मगच कापते, म्हणजे कापडाचे दोरे निघत नाहीत. मग उलटवायचं. बोट जेमतेम काडीपेटीतल्या काडीएवढं, ते उलटवायला मी सायकलच्या चाकातल्या तुटक्या ताडीचा तुकडा घासून गुळगुळीत केलाय, तो हरवला तर घरात कुणाला जेवण मिळत नाही असं लेक म्हणते. आत बारीक बाइंडिंग वायर, टोक वळवून घेतलेली नाहीतर ती कापडातून बाहेर येऊन लेकराला टोचेल, आणि वायरीभोवती कापूस. अंगठा वेगळा करून नंतर जोडायचा. पंजातूनच काढलेला अंगठा पाचव्या बोटासारखा दिसतो, त्याला काही धरता येईल असं वाटतच नाही. पहिल्या हंगामात मी ४० च्या वर हात फेकले असतील. फेकले म्हणजे डब्यात ठेवलेत, तो डबा अजून आहे.

भरायला कापूस आमच्याच शेतातला. वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करतो, दहीभाताचा नैवेद्य दाखवतो, त्यानंतरच्या वेचणीतला थोडा मी बाजूला काढून घेते. सरकी हातानं काढते, एक जरी आत राहिली तरी किडा लागतो नाहीतर उंदीर बाहुलीचं पोट फाडतो, दोन्ही झालंय माझ्याकडं. एक हिशोब मला रात्री झोपू देत नाही तो इथं लिहून ठेवते. माझ्या मोठ्या बाहुलीत दीडेकशे ग्रॅम रुई बसते. कापसातून रुई निघते एक तृतीयांश, बाकी सगळी सरकी. म्हणजे एका बाहुलीला जवळपास अर्धा किलो कापूस. वेचणीचा भाव आमच्याकडं किलोला १० रुपये. म्हणजे ज्या बाईची मी बाहुली करते, तिला त्या बाहुलीच्या पोटातल्या कापसाचे ५ रुपये मिळालेले असतात, आणि मी ती बाहुली ९०० ला विकते. माझे सहा-सात दिवस त्यात जातात हे खरं आहे, ते मला मान्य आहे, पण तो ५ चा आकडा डोक्यातून जात नाही. तेव्हापासून माझ्यापुरतं मी ठरवलंय, जिला बघून बाहुली केली तिच्या घरी विक्रीतले २०० जातात. तेवढ्यानं काही मिटत नाही, तरी ते जातातच.

रंगाचं पण सांगते. मांजरपाट पांढरट, त्याला अंगाचा रंग यायला मी चहाच्या उकळत्या पाण्यात टाकते, मग गंजक्या खिळ्यांचं पाणी, गुळाच्या पाण्यात खिळे पंधरा दिवस ठेवून केलेलं, त्यात एक बुडी. चहा आणि लोखंड मिळून जो सावळा रंग येतो ना तो कुठल्या बाटलीत मिळत नाही, अगदी उन्हात राबलेल्या अंगाचा. फक्त बुडी एकच. जास्त वेळ ठेवलं तर कापड जळतं, दोन वर्षांनी नुसतं ओढलं तरी फाटतं. लुगड्याचा पिवळा-केशरी रंग होळीच्या सुमारास पळसाच्या फुलांचा करून ठेवते, तुरटी घालून. वर्ध्याला मगन संग्रहालयात खादीचं कापड आणायला जाते (१९३८ मध्ये गांधीजींच्या हातून उद्घाटन झालेलं), तिथं झाडपाल्याचे रंग बघितले तेव्हा हा धीर आला होता. तर अशा सावळ्या बाहुल्यांचा एक बॉक्स शहरातल्या एका दुकानानं मागवला आणि आठ दिवसांनी फोन, ताई काम छान आहे पण जरा उजळ करून द्याल का, गिऱ्हाईक म्हणतं डल दिसतात. मी बॉक्स परत मागवला. भाड्याचे पैसे माझेच गेले आणि त्या दिवशी मी खूप रडले, पैशासाठी नाही, त्या बॉक्समध्ये माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्याची पण एक बाहुली होती. ती आता देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात आहे.

दरवर्षी २० डिसेंबरच्या पुण्यतिथीआधी शाळेसाठी गाडगेबाबा करते. पोरं घरोघरून एकेक चिंधी आणतात, कुणाच्या बाबाची लुंगी, कुणाच्या आजीचं लुगडं, आणि त्यांचीच ठिगळं जोडून बाबांचा अंगरखा. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस आयुष्यभर चिंध्यांत फिरला, त्याला रेशमी कापड कसं घालणार. मागच्या वर्षी एक पोरगी बाहुलीकडं बोट दाखवून सारखी सांगत होती, खांद्यावरचं निळं माह्या मायच्या पोलक्याचं हाय, माह्या मायच्या पोलक्याचं हाय.

हां, तर आजचं. गेले नऊ दिवस त्याच मावशीची बाहुली करत होते. तिचाच चट्ट्यापट्ट्याचा शर्ट, म्हणजे तिच्या पोराच्या फाटलेल्या शर्टाची बाही मागून आणली होती, ओटीत खरा कापूस, पायांच्या टाचांना काळ्या दोऱ्यानं भेगा घातल्यात, एवढ्या बारीक की उजेडाकडं धरल्याशिवाय दिसत नाहीत. आणि दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या, अंगठ्यालासुद्धा. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत बांधावर तिच्या हातात दिली. बाकीच्या बाया भाकरी तशीच ठेवून भोवती जमल्या. "अवो ही तं तूच हाये वं!" एकच गलका. ती काहीच बोलली नाही, शर्टाची बाही चाचपली, टाचा पाहिल्या, मग बाहुलीचा हात आपल्या हातावर ठेवून शेजारी शेजारी बघत बसली.

मग म्हणाली, "अंगठ्याले नाई बांधत बाप्पा. अंगठ्यानंच तं कापूस समजते, पुरा फुटला का नाई ते. अंगठा मोकळा पायजे."

मी तिचा अंगठा पाहिला. मोकळा होता, आणि त्याच्या नखाची एक बाजू पूर्ण काळी पडली होती, ती काळी बाजू इतक्या हंगामात मी पाहिलीच नव्हती.

आता रात्रीचे साडेदहा झालेत. दोन्ही अंगठ्यांच्या चिंध्या सोडल्या, खालचं कापड गाठीपाशी दबलंय ते सुईच्या टोकानं वर काढलं. नखाला खिळ्याच्या पाण्याचा एक ठिपका दिलाय, काडीनं, एकाच बाजूला. लाइट गेली मधेच त्यामुळे रंग बरोबर बसला की नाही ते सकाळी उजेडात कळेल. सहाला उठायचंय, मावशी शेतात येण्याआधी बघून घेते.