मागच्यासाठी लावलेला दिवा

काल रात्री दादाने विचारलेला प्रश्न साधाच होता आणि त्यात मला टोचण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत आहे. मी आमच्या जुन्या लष्करी ट्रकखाली उताणा पडून मागच्या आक्सलजवळच्या दिव्याची तार जोडत होतो. दिवा लागला आणि दादाचा आवाज आला, "हा कशाला लावलास? तुझ्या मागे कोण येणार आहे?"

खरे तर उत्तर सोपे होते. लष्करी ताफा रात्री शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून मोठे दिवे बंद ठेवून चालत असे. अशा वेळी मागच्या चालकासाठी डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या आक्सलच्या मधल्या गिअरचे, गोल घर पांढरे रंगवून त्याच्यावर वरून एक झाकलेला लहानसा दिवा सोडत. तो पांढरा ठिपका दिसेनासा झाला तर आपण मागे पडलो आणि फार ठळक दिसू लागला तर फार जवळ आलो, एवढेच त्याने ओळखायचे. आपल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या लष्करी गाड्यांच्या पोटाखाली तो पांढरा गोल आजही दिसतो. हे सारे मी दादाला सांगू शकलो असतो. पण त्याने दिव्याचा उपयोग विचारला नव्हता, मागे कोण येणार ते विचारले होते, आणि मला काही सुचले नाही.

दुसऱ्या महायुद्धात फोर्ड आणि शेव्हर्लेच्या कॅनडातील कारखान्यांनी असे सुमारे चार लाख ट्रक बांधले. आमचा त्यांपैकी शेव्हर्लेचा, आखूड नाकाचा आणि आत कललेल्या काचेचा. युद्धानंतर तो डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीत, निघाला, मग त्याने ऊस वाहिला, मग वाळू. त्याचे जुने वायरिंग उलगडले तेव्हा सुती वेष्टणाखालचे रबर हात लावताच भुग्यासारखे गळून पडले आणि मागच्या दिव्याकडे जाणारी तार मध्येच कापून गाठ मारलेली आढळली. म्हणजे दादाचा प्रश्न ऊस वाहणाऱ्या कोणाला तरी आधीच पडला होता, आणि त्याने पक्कडीने त्याचे उत्तरही देऊन टाकले होते.

मी मात्र ती तार नव्याने ओढली. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच प्रकाशासाठी बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तारा जाड घ्याव्या लागतात. एखाद्या गंजक्या जोडाने अर्धा व्होल्ट खाल्ला तरी बारावा हिस्सा गेला. तारेच्या टोकाच्या प्रत्येक थिंबलला डाख देताना, चासीवरचा रंग खरवडून अर्थिंग घेताना मला कधी वाटले नाही की हे कोणासाठी चालले आहे. काल वाटले. उद्या मी नसलो तर भंगारवाला हे सारे तांबे किलोच्या भावाने नेईल, असेही वाटले. मुग्धाच्या रविवारच्या फोनबद्दल इथे लिहीत नाही. ज्या घरात या शेडकडे कोणी फिरकत नाही, तिथे मागच्या माणसाला अंतर कळावे म्हणून दिवा लावणारा मी कोण लागून गेलो, या विचारात पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी चहा घेताना एक गोष्ट लक्षात आली आणि मला स्वतःचेच हसू आले. तो दिवा पुढून दिसत नाही, बाजूने दिसत नाही, आणि हौद्याखाली असल्यामुळे उभ्या माणसालाही नीट दिसत नाही. तो दिसायचा तर ट्रकच्या मागे, बऱ्यापैकी खाली, बैठ्या नजरेच्या पातळीवर असावे लागते. दादाला तो लागल्या क्षणी दिसला. म्हणजे गुडघे धरलेले असूनही आमचे ज्येष्ठ बंधू त्या ठेंगण्या स्टुलावर माझ्यामागे बसले होते, आणि मला खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. किती वेळ बसला होता ते विचारले तर, "घरात वहिनीची मालिका चालू होती," एवढेच म्हणाला. मला ते कारण पटण्याजोगे वाटते. मोठे कारण शोधायला गेलो तर तो उद्यापासून यायचा नाही.

दिव्याचे मात्र काम बाकी आहे. बल्ब अंमळ जोरकस आहे, तो कमी वॅटचा हवा. आणि त्याचा उजेड सध्या लाल प्रायमरवर पडतो आहे, तो पांढऱ्यावर पडायला हवा. तो पांढरा गोल आपणच काढणार, कारण गोल काढणे तुला शाळेतही जमले नाही, असे दादाने जाहीर केले आहे. ब्रश त्याच्याकडे आहे. रंगाचा डबा आणि टर्पेंटाइन मी आणायचे, असे ठरले.