नोएल कॉवर्ड: नटाच्या कानाने लिहिणारा नाटककार

इंग्रज नाटककार नोएल कॉवर्डचे नाव निघाले की रेशमी ड्रेसिंग गाउन, लांब सिगारेट-होल्डर आणि चुरचुरीत वाक्ये एवढेच आठवणारे वाचक पुष्कळ आहेत. यात थोडा दोष त्याचाही आहे, कारण ही प्रतिमा त्याने स्वतःच मोठ्या हौसेने घडवली होती. कोल्हापुरातल्या हौशी नाटकांच्या तालमींत वर्षानुवर्षे उठबस असलेल्या माझ्यासारख्याला त्याच्याविषयी कुतूहल वाटते ते निराळ्या कारणाने. त्याचे संवाद एकट्याने वाचताना अनेकदा अगदी साधे, क्वचित पोकळसुद्धा वाटतात. पण दोन तयारीचे नट समोरासमोर उभे राहून तेच बोलू लागले की त्या साध्या वाक्यांखाली काय काय दडले आहे ते हळूहळू वर येते. हा माणूस लेखक होण्याआधी नट होता आणि लिहितानाही तो नटच राहिला, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या विनोदाची घडण समजत नाही, असे माझे मत आहे.

त्याचा जन्म १६ डिसेंबर १८९९ रोजी लंडनजवळच्या टेडिंग्टन या उपनगरात झाला. वडील पियानो विकण्याच्या धंद्यात होते, पण त्यांना त्यात फारसे यश नव्हते; घर चालवण्यासाठी आईला पुढे खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय करावा लागला. मुलाला रंगभूमीवर आणण्याची जिद्दही आईचीच. शालेय शिक्षण नावापुरतेच झाले आणि १९११ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तो व्यावसायिक रंगमंचावर उभा राहिला. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये. केशवराव भोसले लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि १९०८ मध्ये, विशीही गाठलेली नसताना, त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढली. अशा मुलांची शाळा विंगेत भरते. प्रेक्षक कुठे खोकतात, कुठे चुळबुळ करतात आणि हशा ओसरण्याआधी पुढचे वाक्य टाकले तर ते कसे वाया जाते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. गर्ट्रूड लॉरेन्स ही त्याची आयुष्यभराची सहनटी त्याला भेटली तीसुद्धा १९१३ मध्ये, दोघेही बालनट असताना.

खरी खळबळ उडाली ती १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये, लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एव्हरीमन या छोट्याशा नाट्यगृहात. ‘द व्होर्टेक्स’ हे नाटक त्याचेच, दिग्दर्शन त्याचे आणि प्रमुख भूमिकाही त्याचीच. अमली पदार्थांच्या आहारी गेलेला मुलगा आणि आपल्या वयाच्या निम्म्या तरुणांमध्ये रमणारी आई यांचा शेवटच्या अंकातला सामना त्या काळाच्या मानाने इतका उघडावाघडा होता की परवानगी मिळवण्यासाठी त्याला नाटकांची तपासणी करणाऱ्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडे जाऊन हे नाटक म्हणजे नीतीचा पाठच आहे, असे पटवून द्यावे लागले. महिन्याभरात नाटक मोठ्या नाट्यगृहात गेले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये एकाच वेळी त्याची चार नाटके चालू होती. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

त्या चारांपैकी ‘हे फीव्हर’ आजही सर्रास केले जाते. एका नाटकवेड्या कुटुंबातला प्रत्येक जण इतरांना न सांगता सुट्टीसाठी एकेक पाहुणा बोलावतो, आणि शेवटी घरचे लोक नाश्त्याच्या टेबलावर भांडण्यात इतके गुंग होतात की पाहुणे केव्हा निघून गेले हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. कथानक म्हणावे असे यात काहीच नाही. राज्य नाट्यस्पर्धेसाठी संहिता निवडताना आपण ‘आशय काय’ हा प्रश्न आधी विचारतो. त्या निकषावर हे नाटक पहिल्याच फेरीत बाद होईल. तरीही तीन अंक प्रेक्षक जागचा हलत नाही, याचा विचार आपल्या लेखकांनी करायला हवा.

‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ची जन्मकथा प्रसिद्ध आहे. आशियाच्या प्रवासात शांघायला तापाने अंथरुणाला खिळलेला असताना त्याने ते चार-पाच दिवसांत लिहून काढले, मात्र त्याआधी ते बरेच दिवस त्याच्या डोक्यात घोळत होते. एलियट आणि अमांडा हे घटस्फोट झालेले जोडपे आपापल्या नव्या जोडीदारासह मधुचंद्राला येते आणि दोघांच्या हॉटेलातल्या गच्च्या शेजारी-शेजारी निघतात. अमांडा त्याला विचारते की नवी बायको कुठे भेटली. तो सांगतो, नॉरफोकमध्ये. त्यावर ती एवढेच म्हणते की नॉरफोक फार सपाट आहे. या वाक्यात विनोद कुठे आहे? कोल्हापूरकराने ‘गडहिंग्लजला भेटली’ म्हणावे आणि समोरच्या बाईने ‘तिकडे ऊन फार’ एवढेच बोलून गप्प बसावे, तसे हे आहे. हसू येते ते तिच्या मनातला मत्सर आपल्याला दिसतो म्हणून, आणि तो तिने झाकायचा प्रयत्न केला म्हणून. नटीने ते वाक्य टोमणा म्हणून मारले तर ते मरते. तिला खरोखरच भूगोलाविषयी बोलायचे आहे, इतक्या निर्विकारपणे ते यायला हवे. आपल्या हौशी नटांना नेमके हेच जमत नाही, कारण वाक्य विनोदी आहे असे कळताच त्यांचा आवाज चढतो आणि नजर प्रेक्षकांकडे वळते.

१९३० मध्ये लंडनच्या नव्या फिनिक्स थिएटरचा पडदा याच नाटकाने उघडला. कॉवर्ड आणि गर्ट्रूड लॉरेन्स प्रमुख भूमिकांत होते आणि अमांडाच्या बिचाऱ्या दुसऱ्या नवऱ्याची भूमिका तरुण लॉरेन्स ऑलिव्हिएने केली. ऑलिव्हिएला रंगमंचावर हसू आवरत नसे. कॉवर्डने मुद्दाम त्याला हसवायचा सपाटा लावून ती खोड मोडली. नाटकाला गर्दी होत असतानाही त्याने प्रयोग जेमतेम तीन महिने केले, कारण एकाच भूमिकेत फार काळ अडकून पडणे त्याला सोसत नसे.

गाण्यांविषयी थोडक्यात सांगतो, खरे तर तो स्वतंत्र विषय आहे. त्याला स्वरलिपी नीट लिहिता येत नसे. तो पियानोवर चाल वाजवून दाखवी आणि दुसरे कोणी ती उतरवून घेई. भर दुपारच्या उन्हात फिरणाऱ्या इंग्रजांची थट्टा करणारे त्याचे सर्वांत गाजलेले गाणे हनोईहून सायगावला जाताना सुचले. स्वतः लिहायचे, चाल लावायची आणि एकट्याने उभे राहून सादर करायचे, हे पु. ल. देशपांडे यांना पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

युद्धकाळात त्याने ‘इन विच वी सर्व्ह’ हा नौदलावरचा चित्रपट केला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीपर्यंत जाऊन सैनिकांपुढे गाणी म्हटली. युद्धानंतर मात्र त्याची रंगभूमीवरची पत झपाट्याने घसरली. १९५६ नंतर ‘संतप्त तरुण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या नव्या लेखकांची नाटके आली आणि कॉवर्ड हा ड्रॉइंगरूमपुरता उरलेला जुना माणूस ठरला. त्याने वृत्तपत्रात लेख लिहून नव्या नाटककारांवर टीका केली, ते मला शहाणपणाचे वाटत नाही. त्याआधी १९५५ मध्ये लास वेगासच्या जुगाराच्या अड्ड्यावर गाणी म्हणून त्याने नवा प्रेक्षक मिळवला होता, आणि १९६४ मध्ये ऑलिव्हिएने, आता नॅशनल थिएटरचा प्रमुख या नात्याने, ‘हे फीव्हर’ दिग्दर्शित करायला त्यालाच बोलावले. १९६६ च्या ‘अ साँग अ‍ॅट ट्वायलाइट’मध्ये त्याने एका पुरुषावरचे प्रेम जन्मभर लपवणाऱ्या वृद्ध लेखकाची भूमिका केली. समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. कायदा बदलला तो पुढच्या वर्षी. स्वतःविषयी उघडपणे तो कधी बोलला नाही, पण हे नाटक पाहणाऱ्याला काही सांगावे लागत नव्हते. १९७० मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि २६ मार्च १९७३ रोजी जमैकातल्या घरी तो वारला.

कोल्हापुरात त्याचे एखादे नाटक व्हावे असे मला वाटते ते ‘ब्लाइथ स्पिरिट’. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यांत त्याच्या लंडनच्या घराची नासधूस झाल्यावर तो वेल्समधल्या पोर्टमेरियन या किनाऱ्यावरच्या गावी गेला आणि साधारण आठवडाभरात त्याने भुतांवरचे हे विनोदी नाटक लिहिले. पहिल्या प्रयोगाला लंडनचे प्रेक्षक पडझडीच्या ढिगाऱ्यावर टाकलेल्या फळ्यांवरून चालत आले, आणि त्यानंतर नाटकाचे १,९९७ प्रयोग झाले. शाहू महाराजांनी बांधलेले आणि पुढे केशवरावांचे नाव लाभलेले आपले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाल्यापासून त्या फळ्यांचा उल्लेख मला पूर्वीसारखा सहज वाचता येत नाही.

नाटकातली मुख्य करामत अशी: नायक चार्ल्सच्या मेलेल्या पहिल्या बायकोचे भूत फक्त त्यालाच दिसते, त्यामुळे तो भुताला जे सुनावतो ते दुसऱ्या बायकोला स्वतःला उद्देशून बोलल्यासारखे वाटते. प्रत्येक वाक्य दोन दिशांना लागू पडावे लागते आणि नटाची मान कोणत्या क्षणी कुणाकडे वळते यावर प्रवेश तरतो किंवा बुडतो. रूपांतरात घर रंकाळ्याजवळचे करा किंवा ताराबाई पार्कातले, या यंत्राला धक्का लागत नाही. खरी अडचण मृतात्म्यांना बोलावणाऱ्या मादाम आर्कातीची आहे. आपल्याकडे ही भूमिका एखाद्या हुकमी विनोदी नटीला दिली जाईल आणि ती अंगात आल्यासारखे घुमून, केस मोकळे सोडून टाळ्या घेईल. मार्गारेट रदरफोर्डने पहिल्या संचात ही बाई अत्यंत गंभीरपणे, आपल्या विद्येवर पूर्ण श्रद्धा असलेली म्हणून उभी केली होती. मी निवड करायला बसलो तर विनोदी भूमिका कधीच न केलेली, कीर्तनाला किंवा पोथीवाचनाला मनापासून जाणारी एखादी ज्येष्ठ नटी शोधीन आणि नाटक विनोदी आहे हे तिला शक्य तितक्या उशिरा सांगेन.