भूतानचा बटाटा आणि मामाच्या 62 गोण्या

2020 सालच्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी 31 ऑक्टोबरला, मी पहाटे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोहोचलो, तेव्हा आमच्या गाळ्यावर माझ्या मामाच्या 62 गोण्या उतरलेल्या होत्या आणि त्यांतल्याच एका गोणीवर बसून मामा मोबाइलवर बातम्या ऐकत होता. मी त्या गाळ्यावर हिशेब लिहितो. मामा आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा करतो आणि त्याचा माल एरवी मंचरला जातो. त्या वर्षी भाव बरा आहे असे मीच त्याला सांगितले होते, म्हणून तो पहिल्यांदा मुंबईचा टेम्पो करून आला होता. मला पाहताच त्याने विचारले, "भाच्या, भूतानचा बटाटा येतोय म्हणे. मग आपला कोण घेणार?"

बातमी खरी होती. आदल्याच दिवशी केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर केले होते की भूतानहून 30 हजार टन बटाटा लवकरच येईल आणि त्याखेरीज 10 लाख टनांपर्यंतचा बटाटा 30 ऐवजी 10 टक्के शुल्क भरून जानेवारीअखेरपर्यंत आणता येईल. भूतानच्या बटाट्याला तेवढ्या काळापुरती परवान्याचीही अट राहिली नव्हती. दरवर्षी सुमारे 5 कोटी टन बटाटा पिकवणाऱ्या देशाने शेजारच्या डोंगरी राज्याकडे बटाटा मागावा, हे आमच्या बाजारातल्या जुन्या माणसांनाही नवलाचे वाटत होते. कारण मात्र साधे होते. आग्र्याकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, शीतगृहात जातो आणि पंजाबचा नवा माल येईपर्यंत देश त्याच साठ्यावर जगतो. त्या वर्षी शीतगृहांत व्यापाऱ्यांच्या अंदाजाने 36 कोटी गोण्याच गेल्या होत्या, त्याच्या आदल्या वर्षी 48 कोटी गेल्या होत्या.

सकाळी सातला शेठनी मला आत बोलावले आणि भूतानचा बटाटा वाशीत केवढ्याला पडेल याचा कागद करायला सांगितले. जयगावच्या एका दलालाचा नंबर त्यांनी कुठून तरी मिळवला होता. जयगाव हे सीमेवरचे आपले गाव, आणि पलीकडे फुएन्त्शोलिंग, जिथे भूतानच्या अन्न महामंडळाच्या आवारात शेतकऱ्यांचा बटाटा लिलावाने विकला जातो. दलालाने सांगितलेला भाव आग्र्याच्या भावाहून फारसा खाली नव्हता. भूतानच्या मालावर सीमाशुल्क लागत नाही, ती जमेची बाजू धरली. पण आग्र्याहून वाशी सुमारे 1,200 किलोमीटर असेल, तर जयगावहून त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि गाडीभाडे, वाटेतली घट व चार-पाच दिवसांचा प्रवास मांडल्यावर तो बटाटा आमच्याकडे आग्र्याच्या मालाहून महागच पडत होता. शिवाय तिकडे मुख्यतः डिझायरी हे लाल सालीचे वाण होते, आणि आमच्या गिऱ्हाइकाला पांढऱ्या सालीची सवय.

एक गोष्ट मात्र त्या बटाट्याच्या बाजूने होती, आणि ती शेठनीच काढली. ऑक्टोबरातला शीतगृहातला बटाटा गोड लागतो, कारण फार थंडीत ठेवल्यावर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना वेफर्स काळवंडतात. भूतानचा माल ताजा असणार होता. मी हळूच म्हटले की पठारावरचाही ताजाच आहे. शेठनी माझ्याकडे पाहिले, पण उत्तर दिले नाही.

इतर देशांतून 10 टक्के शुल्कावर आणायचा विचार आम्ही कागदावर घेतलासुद्धा नाही. बटाट्याबरोबर माती आणि मातीबरोबर रोग येतो, म्हणून आयातीला वनस्पती संगरोधाची तपासणी लागते. आपल्याच दार्जिलिंगचा बटाटा चामखीळ रोगामुळे अनेक दशके बंगालबाहेर पाठवता येत नाही, मग परदेशी मालाला सूट कोण देणार? परवानगी, जहाज आणि तपासणी होईपर्यंत 14 नोव्हेंबरची दिवाळी उलटून गेली असती.

कागद तयार झाला, शेठनी तो दोनदा वाचला, बरोबर आहे म्हणाले आणि घडी करून गल्ल्यात ठेवला. बाहेर तोवर मालाचा उठाव थांबला होता. जो गिऱ्हाईक गुरुवारी गोणी न फोडता माल उचलत होता, तो आता "सोमवारी बघू" म्हणत पुढच्या गाळ्यावर जात होता. माझा हिशेब बरोबर होता, पण त्याने उठावाला काही फरक पडत नव्हता. आग्र्याच्या गाड्यांचे मालकही विकायच्या घाईला आले होते, कारण त्यांना आयातीपेक्षा साठ्याच्या मर्यादेची धास्ती होती. जूनच्या अध्यादेशाने आणि मग सप्टेंबरच्या कायद्याने बटाट्यावरची साठ्याची मर्यादा उठली होती खरी, पण भाव वर्षात दुप्पट झाला तर ती पुन्हा लावायची मुभा सरकारकडे होती, आणि 23 ऑक्टोबरला कांद्यावर घाऊक व्यापाऱ्याला 25 टनांची मर्यादा लागलेली सगळ्यांनी पाहिली होती. कुऱ्हाड एकच होती. आज कांद्यावर पडली, उद्या बटाट्यावर पडेल, असे हमालही बोलत होते.

मामाचा माल दुपारी बाराला गेला, गुरुवारपेक्षा किलोमागे तीन रुपयांनी कमी. त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, मीच लिहिली. 2016 पासून भाजीपाल्याची आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून कापली जात नाही, त्यामुळे हमाली, तोलाई आणि टेम्पोचे भाडे एवढेच वजा झाले. मामाने पट्टी वाचली आणि मला विचारले, "ती भूतानची गाडी कुठे लागलीय? मला बघायची होती." मी म्हटले, आलेली नाही. "मग तीन रुपये कुणी नेले?" याचे उत्तर मला त्या गल्ल्यातल्या कागदावरही सापडले नसते.

आमच्या गाळ्यावर भूतानची एकही गोणी कधी आली नाही. ती बंगाल-आसामकडेच खपली असावी. उलट नव्या हंगामात देशातच विक्रमी पीक आले, आणि 2021 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडच्या शेतकऱ्याला किलोला पाच-सहा रुपयेही कष्टाने मिळत होते. भूतानची परवाना-सवलत मात्र पुढची काही वर्षे वाढतच गेली.

2021 च्या जूनमध्ये मामाचा फोन आला. पंजाबचे बेणे मंचरला आदल्या वर्षापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळाल्याचे त्याने सांगितले. मी म्हटले, बरे झाले. तो म्हणाला, "बरं कसलं? स्वस्त आहे म्हणजे सगळेच लावणार."